नळीचा पीळ

मार्वा कोंबड्यांना दाणे टाकून स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिचा नवरा डेल फोनवर होता. पलीकडे वायोमिंगमधला त्याचा थोरला भाऊ रॉइस. एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला, म्हणजे दोघांचा वाद ठरलेलाच.

“अरे, तुझ्या टू-सेव्हन्टी रायफलीच्या नळीतल्या आट्यांना पीळच कमी,” डेल सांगत होता. “दहा इंचांत गोळीचा एकच फेरा. लांब, जड गोळी घातलीस की हवेत डगमगणार. माझ्या साडेसहा मिलिमीटरच्या रायफलीला आठ इंचांतच फेरा पुरा होतो. गोळी कशी सुतात जाते!”

“तुझी गोळी पोचेपर्यंत एल्क म्हातारा होऊन मरेल,” फोनमधून रॉइसचा खरखरीत आवाज आला. “माझी हलकी असेल, पण सुसाट आहे.”

मार्वाने बटाटे सोलले, चिरले, तळायला टाकले, तरी दोघांचं चालूच. शेवटी डेलने फोन ठेवला आणि हात तसाच त्यावर ठेवून उभा राहिला.

“धन्य आहात दोघं!” मार्वा म्हणाली. “तिकडे नॅडीन हॉस्पिटलात पडलीय. भावाला त्याच्या बायकोची तब्येत तरी विचारलीस का?”



“फोन उचलल्या उचलल्या त्याने तेच सांगितलं, नॅडीन दुपारी गेली म्हणून. मला पुढे काही सुचेना, म्हणून विचारलं, यंदा कुठली रायफल नेणार?”