न्यूयॉर्क बारमध्ये आत्याबाई

"आत्याबाई, इथंच जेवू या," गिरिधर म्हणाला आणि त्यानं न्यूयॉर्क बारचं दार उघडून धरलं.

द्वारकाबाई उंबऱ्यातच थांबल्या. आत एक लांबलचक सागवानी टेबल होतं आणि त्याच्यासमोर कमरेएवढी उंच स्टुलं. भिंतीवर ढगांना टेकलेल्या इमारतींचं चित्र होतं. ग्रामोफोनवर कुणी परदेशी बाई गात होती. जालन्यात असं दुसरं ठिकाण नव्हतं. लढाईच्या दिवसांत बारचा मालक मार्तंड सिकंदराबादला अमेरिकन सोल्जरांना पेले भरून द्यायचा. लढाई संपली तसा तो गावी परतला आणि त्यानं स्टेशनसमोर हा थाट मांडला. दुपारच्या जेवणाला इथं तरुण वकील आणि जिनिंगमधले इंजिनिअर गर्दी करत. बाई मात्र आजवर एकही आली नव्हती.

गिरिधरला नेमकं तेच हवं होतं. हैदराबादहून वकील होऊन आल्याला वर्ष झालं नव्हतं, तोच वडिलांनी मंठ्याच्या बद्रीनाथरावांच्या प्रेमलाचं स्थळ जवळपास पक्कं करत आणलं होतं. खेड्यातली मुलगी त्याला नको होती आणि वडिलांना तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती. प्रेमलाला आई नव्हती. तिला वाढवलं ते या विधवा आत्यानं. बद्रीनाथराव बहिणीच्या शब्दाबाहेर जात नसत, म्हणून मुलगा पाहायला आज त्या एकट्याच आल्या होत्या. त्या भडकून परत गेल्या की काम झालं.

"हे काय, शेतातले राखणीचे माळे मांडलेत का?" स्टुलांकडे बघत द्वारकाबाई म्हणाल्या. मग नऊवारीचा काठ सावरून, टेबलाला हात देऊन त्या वर चढल्या. "बरं हाय की. सगळं दिसून राह्यलं."

मार्तंडनं गिरिधरपुढे तांबूस रंगाचा पेला ठेवला. द्वारकाबाईंनी तो उचलून वास घेतला.

"ह्याच्यात दारू हाय का?"

मार्तंड चाचरला. "हाय, बाई."

"मंग मला बिगरदारूचं द्या. रंग हाच ठेवा."

पलीकडचे दोन वकील मोठ्यानं हसले. गिरिधरनं मान खाली घातली.

पाव आला, बटाट्याची कटलेटं आली. द्वारकाबाईंनी काटा-चमचा बाजूला सारला, कटलेट हातानं मोडून खाल्लं आणि मार्तंडला विचारलं, "भाऊ, तुम्ही रोज हेच खाता का?" मार्तंड ओशाळून आत गेला आणि स्वतःच्या डब्यातला ठेचा घेऊन आला. पाच मिनिटांत पलीकडचे वकीलही ठेचा मागू लागले. मार्तंडचा डबा रिकामा झाला.

"कोर्टात कसं काय चाललंय?" द्वारकाबाईंनी गिरिधरला विचारलं.

बरं चाललंय, असं तो म्हणणार होता. पण तोंडातून खरंच निघालं. पहिल्याच मुकदम्यात मुन्सिफासमोर त्याची कोर्टाची उर्दू अडली आणि तो समोरच्या पक्षाच्या बाजूनं दोन वाक्यं बोलून बसला. हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "माझं ऐका. मालक गेले तव्हा जमिनीच्या कागदासाठी तहसीलीत गेल्ते. अर्धा घंटा चपराशालाच तहसीलदार समजून बोलून राह्यले. त्यानं बी बिलकुल अडवलं न्हाई. वर म्हणला, अर्जी मंजूर."

गिरिधरला हसू आवरेना. किती दिवसांत तो असा हसला नव्हता. वडिलांसमोर कायम हुशार दिसावं लागे, मित्रांसमोर त्याहून जास्त. या बाईपुढे काहीच दिसावं लागत नव्हतं.

"प्रेमला कशी आहे?" त्यानं विचारलं. हा प्रश्न त्यानं आजवर कुणालाच विचारला नव्हता.

"हट्टी हाय. गल्लीतल्या सात बायांना सही शिकवली तिनं. आठवी मीच."

बाहेर टांगा उभा होता. मंठ्याची मोटार सुटायला थोडाच वेळ होता. गिरिधरनं द्वारकाबाईंना हात देऊन टांग्यात चढवलं, पण हात सोडला नाही. या बाईंच्या घरात आपल्याला जागा मिळावी, असं त्याला आता फार वाटत होतं.

"आत्याबाई, घरी काय सांगणार?"

"न्हाई म्हणून सांगणार."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुम्ही मला इथं कशाला आणलं, ते मला दारातच कळलं गिरिधरराव. मी लाजून पळावं म्हणून आणलं. मी न्हाई लाजले, माझं वय झालं. पर प्रेमला अठराची हाय. उद्या तिला कुठं नेऊन लाजवाल, काय नेम?"

वकिलाच्या डोक्यात दोन-तीन सबबी तयार झाल्या. त्यानं एकही वापरली नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"मी मंठ्याला येऊ का?"

द्वारकाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "या ना. लग्नाचं बोलायला नका येऊ. जेवायला या."

चार दिवसांनी नकाराचं पत्र आलं. वडील ते हातात घेऊन घरभर फिरले. त्यांनी बद्रीनाथरावांना नावं ठेवली, मंठ्याला नावं ठेवली. रविवारी सकाळी गिरिधर धुतलेला सदरा घालून निघाला, तेव्हा वडिलांनी दारातच त्याला अडवलं.

"कुठं चाललास?"

"मंठ्याला."

"अरे, स्थळ मोडलं ना! मंग आता तिथं काय?"

"माहीत न्हाई, बाबा," गिरिधर म्हणाला. "त्यांनी जेवायला बोलावलंय."