कारणाचा रकाना

कमरेएवढ्या पाण्यातून नदी ओलांडून निर्मलाबाई टेकाळे मतदान केंद्रावर पोचल्या, तेव्हा त्यांचं मत देऊन झालं होतं.

"कालच आदेश आला, बाई," केंद्रावरचा अधिकारी म्हणाला. "जुना इतिहास पाहून आता संगणकच मत देतो. तुमचा जुना सांगवी मतदारसंघ मोडून शेजारच्यात घातला, तरी त्याचं सगळं दप्तर संगणकात आहे. तुमच्या गावानं पाच निवडणुकांवर बहिष्कार टाकला. म्हणून यंदाही अख्ख्या गावाच्या नावावर बहिष्कारच नोंदवलाय."

"अहो, यंदा उमेदवार मीच आहे!" निर्मलाबाई कडाडल्या. "मी स्वतःवर बहिष्कार टाकीन होय?"

"अंदाज नव्याण्णव टक्के बरोबर असतो."

"आणि बहिष्कार कशासाठी टाकला होता, ते आहे का तुमच्या दप्तरात?"

अधिकाऱ्याने पडद्यावर वरपासून खालपर्यंत शोधलं. "कारणाचा रकानाच नाही."

निर्मलाबाईंनी लुगड्याचा भिजलेला ओचा त्याच्या टेबलावर पिळला. पाणी कागदांवरून वाहत गेलं.

"हे घ्या कारण. पाच वेळा ओरडून सांगितलं, नदीवर पूल नाही! आता आखा रकाना. मागून चारशे ओली माणसं येतायत."