अनुमोदना

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दगूबाईने सूरजबाईंच्या उजव्या पावलावर अंगठा दाबला, मनात तीनपर्यंत मोजलं आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. तिने डावं पाऊल दाबलं. तिथेही राहिला.

तेल चोळायचं सोडून हे काय चाललंय, असं सुनेने, फाल्गुनीने, दारातूनच विचारलं. सूरजबाईंचे पाय चोळायला दगूबाई रोज यायची. तळोद्यात येण्याआधी तिने मोलगीच्या अंगणवाडीत अकरा वर्षं मदतनीस म्हणून काढली होती. तिथे सुकलेल्या पोरांची पावलं अशीच दाबून बघत. तिने सूरजबाईंच्या पोलक्याची बाही वर सारली आणि दंड अंगठ्या-बोटाच्या कडीत धरला. कडी जवळजवळ मिळाली.

“हाई अंग नही शे, भाभी,” ती म्हणाली. “हाई पानी शे. शेठाणीना पोटमा काही जात नही.”

सूरजबाईंनी बाही खाली ओढली. म्हातारपणी हात असेच होतात, म्हणाल्या.

फाल्गुनीला आधी रागच आला. सासूबाई खात नाहीत हे सगळ्या तळोद्याला ठाऊक होतं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सुरतेला झालं, केमोचे तीन डोस झाले आणि चातुर्मास लागल्यावर त्यांनी आयंबिल हे जैनांचं तप धरलं. दिवसातून एकदाच बसून जेवायचं, तेही तूप, तेल, दूध, साखर नसलेलं उकडलेलं धान्य. आज एकविसावा दिवस होता. एकतिसाव्याला पूर्ण करून पारणं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. घरच्यांनी आधी नको म्हणून पाहिलं. पण एवढ्या दुखण्यात तपाला उभी राहिलेली बाई बघून तेही गप्प झाले. रोज बायका येत, शाता म्हणजे खुशाली विचारत, हात जोडून ‘अनुमोदना’ म्हणत. दुसऱ्याच्या तपाचा मनापासून आनंद मानला की त्या पुण्यात आपलाही वाटा असतो. फाल्गुनीनेही मानला होता. महिन्यात दोनदा तिने सासूबाईंच्या पोलक्यांच्या बाह्या आत घेतल्या, आणि दोन्ही वेळा टीप मारताना तिला अभिमान वाटला होता.

शिवाय वजन होतं. सासरे शांतिलालशेठ बायकोला दर रविवारी दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभी करत. ऑपरेशनआधी बासष्ट किलो, परवा एकसष्ट. माझ्या काट्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, असं ते हसत म्हणत आणि तोच आकडा सुरतेच्या डॉक्टरांना फोनवर कळवत. आयंबिलाचं मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घरातली धर्माची गोष्ट दवाखान्यात कशाला, असं सगळ्यांनी धरलं होतं.

आठ वाजता फाल्गुनीने सुरतेला फोन लावला. आज तिने आकडा सांगितला नाही, खड्डा सांगितला. मग आयंबिलही सांगितलं. अंगावरचं मांस झिजतंय आणि त्या जागी पाणी भरतंय, म्हणून काटा हलला नसावा, असं डॉक्टर म्हणाले. आजच रक्त तपासा. खाणं सुरू करा, पण चमच्या-चमच्याने, एकदम नको. अशा अंगाला गुरुवारचा चौथा डोस पेलायचा नाही, रक्ताचा रिपोर्ट पाहून त्याचं ठरवू. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, हे पाहिलं कुणी? फाल्गुनीने नाव सांगितलं. त्यांना माझा नमस्कार सांगा, असं डॉक्टर म्हणाले.

पण खाणं सुरू करायचं म्हणजे पच्चक्खाण मोडायचं. रोज सकाळी उपाश्रयात जाऊन साध्वीजींसमोर घ्यायचा तो नेम. दहा दिवस राहिलेले असताना तो मोडायचं पाप कुणी घ्यायचं, असं शांतिलालशेठांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. ते खरोखरच घाबरले होते. मी घेते, फाल्गुनी म्हणाली. आजाऱ्याला त्यात सवलत असते हे तिला माहेरीच शिकवलं होतं. ती तशीच उपाश्रयात गेली.

साध्वीजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कोणतं पच्चक्खाण सोडवू?”

फाल्गुनीला कळेना.

“त्या रोज वंदनाला येतात,” साध्वीजी म्हणाल्या. “पच्चक्खाण माझ्याकडे एक दिवसही घेतलेलं नाही. घरी घेत असतील असं मी धरून चालले. मीही अनुमोदनाच केली.”

घरी परतल्यावर फाल्गुनीने नेमाचा विषय काढला नाही. नेमच नसेल तर घास अडतोय कशाने, एवढंच तिला बघायचं होतं. सूरजबाईंपुढे बसली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि तोंड उघडायला सांगितलं. त्यांनी मान फिरवली. दगूबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा उघडलं. जिभेवर, गालांच्या आत, हिरड्यांवर पांढरे व्रण होते. दुसऱ्या डोसापासूनचे.

“घास लोखंड चघळल्यासारखा लागतो,” सूरजबाई म्हणाल्या. “जात नाही म्हटलं की तुम्ही सगळे रडता. तप म्हटलं की हात जोडता.”

फाल्गुनीला रडू येत होतं. तिने ते येऊ दिलं नाही. दगूबाई केव्हाच स्वयंपाकघरात गेली होती. तिने मूग शिजवले, पाणी गाळलं, त्यात तूप सोडलं आणि वाटी गार व्हायला परातीतल्या पाण्यात ठेवली. पहिला चमचा सूरजबाईंनी स्वतःच्या हाताने घेतला.

रक्ताचा नमुना साडेदहाच्या जीपने नंदुरबारला गेला. दुपारी साडेतीनपर्यंत अकरा चमचे पोटात गेले होते आणि टिकले होते. बाराव्याला त्यांनी हात आडवा केला. गुरुवारच्या डोसाबद्दल सुरतेहून अजून काही कळलेलं नाही.