दाराबाहेरची पावले

सहा मार्च, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. बारावा प्रयत्न वाया गेला.

काचेपलीकडे बसलेल्या वयस्कर ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढून मानेभोवती अडकवला आणि नकारार्थी मान हलवली. अलीकडे, जमिनीवर अंथरलेल्या लांब लोखंडी पत्र्यावर मुलगी जड बूट घालून उभी होती. पत्र्याच्या दुसऱ्या टोकाशी चाकाच्या खुर्चीत तिची आई होती. आईच्या मांडीवर शाल होती आणि शालीखाली एकच पाय.

या खोलीत चित्रपटांना पावले दिली जात. माणसे पडद्यावर चालत, त्या चालण्याचा आवाज येथे होई. तीस वर्षे तो आईने दिला. अंतराळयानाच्या त्या गाजलेल्या चित्रपटातल्या यंत्रमानवाला तिनेच चालवले होते. तिचा उजवा पाय जन्मतः आखूड. त्यामुळे यंत्राचे एकाआड एक पाऊल किंचित उशिरा आणि जड पडले. दिग्दर्शकाने ते तसेच ठेवले. प्रेक्षकांनी पुढे त्यावर लेख लिहिले: यान आदळले तेव्हा गुडघ्याला मार बसला असावा, किंवा एखादा स्क्रू ढिला झाला असावा. खरे कारण कोणी विचारले नाही, म्हणून कोणी सांगितलेही नाही.

पहिल्या भागाच्या शेवटी यंत्रमानव नष्ट झाला होता. दुसऱ्या भागातल्या या प्रसंगात तो दिसतच नाही. बंद दार, आत घाबरलेली माणसे आणि बाहेरच्या लांब पॅसेजमधून जवळ येणारी पावले, एवढेच. ज्यांनी पहिला भाग जीव लावून पाहिला असेल, त्यांनी केवळ चालीवरून त्याला ओळखावे, अशी दिग्दर्शकाची योजना होती. जुन्या ध्वनिमुद्रणात पावलांवर भोंगे आणि संगीत चढलेले होते. सुटी पावले कोणी जपून ठेवली नव्हती. आणि जानेवारीत आईचा तोच पाय मांडीपासून कापावा लागला होता.

दिग्दर्शकाने दुपारी बारापर्यंत थांबण्याचे कबूल केले होते. त्यानंतर पावलांऐवजी यंत्रमानवाची ओळखीची शिटी वापरायची, असे ठरले होते. प्रेक्षकांना तीही कळली असती. फक्त ती चाल मग पुन्हा कुठेही ऐकू आली नसती.

"तू लंगडतेयस," आई म्हणाली. "मी कधी लंगडले नाही. मी चालायचे."

मुलगी पत्र्यावर बसली आणि घोटा चोळू लागली. "लहानपणी हीच नक्कल केली म्हणून थोबाडीत दिली होतीस."

"तेव्हा बरी जमली होती."

काचेपलीकडे ध्वनिमुद्रक हसला आणि लगेच समोरच्या बटणांकडे पाहू लागला. मुलगी त्याला लहानपणापासून काका म्हणत आली होती.

तेराव्या वेळी ती पाय ओढत होती, चौदाव्या वेळी मनात ताल मोजत होती. आईने समजावून पाहिले: आधी टाच नको, सबंध तळवा एकदम टेकव, कंबर पुढे येते, पाय मागून येतो. मुलगी सगळे सांगितल्याप्रमाणे करत होती आणि सगळेच चुकत होते. पंधराव्या प्रयत्नानंतर काकांनी माइकवरून, अगदी हलक्या आवाजात, सुचवले की आता फोन करून शिटीचेच सांगून टाकावे. पोरीचा पाय सुजेल.

आईने हात वर करून त्यांना थांबवले. संध्याकाळी मी कामावरून यायचे तेव्हा तू कुठे असायचीस, असे तिने मुलीला विचारले.

"दाराशी. आतून कडी धरून."

"मी येतेय हे कसं कळायचं?"

मुलीने बुटाची नाडी उगीच सोडली आणि पुन्हा बांधली. "बाकीची पावलं जिन्याने वर निघून जायची. तुझी थांबायची."

"मग पडद्याकडे बघू नकोस. माझ्याकडेही नको. त्या दाराशी उभी राहा. ऐकू येईल तसं चाल."

मुलगी उठली. तिने डोळे मिटले. काकांनी लाल दिवा लावला.

पहिली दोन पावले साधी होती. तिसऱ्याला कंबर पुढे गेली आणि पाय मागून, जरा उशिरा, सबंध पत्र्यावर पडला. मग पुढचे, मग त्याच्या पुढचे. काकांनी नकळत हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. दिवसभर उभी राहून थकलेली एक बाई घरी येत होती. पावले मोठी होत गेली, खुर्चीच्या अगदी जवळ आली. तेव्हा आईने खुर्ची थोडी मागे घेतली, येणाऱ्याला वाट द्यावी तशी.

पावले थांबली. मग लाल दिवा विझला.

दिग्दर्शकाने फोनवर ध्वनिमुद्रण दोनदा ऐकले. बाई पुन्हा चालायला लागल्या का, असे त्याने आनंदाने विचारले. काकांनी, मुलगी चालली, एवढेच सांगितले. फोन ठेवल्यावर ते आईकडे वळले. शेवटच्या पावलाआधी खुर्चीच्या चाकाचे कुरकुरणे आले आहे, ते म्हणाले. पण ते पावलांपासून सुटे आहे, सहज काढता येईल.

मुलगी पाठमोरी बसून बूट काढत होती. आई तिच्या पाठीकडे पाहत राहिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यात तेवढंच माझं आहे."

चित्रपटात तो आवाज सत्तेचाळिसाव्या मिनिटाला आहे. लांबी पाव सेकंद.