भांड्याखालची पट्टी

कोच यायच्या आधीच नॅडीनने दुसरं भांडं भरून ठेवलं होतं. त्यात चिकन, घरी लाटलेल्या नूडल्स आणि तळाला कुस्करलेला बटाटा होता. वरून चंदेरी कागद. भांड्याच्या बुडाला तिने कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने ‘बॉमर’ हे आपलं आडनाव लिहिलं. चर्चच्या जेवणांना गावातल्या सगळ्या बायका असंच करतात. भांडं फिरून फिरून शेवटी आपल्या घरी यायला हवं ना.

“हे तुमच्या मोठ्या कोचसाठी,” कॉलेजचा सहायक कोच हॅलक दारात आला तसं तिने सांगितलं. “निघताना आठवण करा मला.”

हॅलकने वाटेत ठरवलं होतं, दारातच सांगायचं. पण तिने त्याच्या हातातून कोट घेतला. मग खुर्ची ओढली गेली, आजोबांनी प्रार्थना म्हटली आणि नूडल्स त्याच्यापुढे आल्या. एकतीस वर्षं तो संघात घ्यायच्या पोरांच्या घरी जाऊन जेवत होता. या धंद्यात एक नियम असतो. वाढलेलं सगळं संपवायचं, पुन्हा मागायचं, आणि मग बोलायचं.

“गेल्या वर्षीच्या संघातलं कोण उरलंय तुझ्याकडे?” आजोबांनी विचारलं. वय ब्याऐंशी, कान अधू, पण बास्केटबॉलचं पान रोज चष्मा लावून वाचायचे.

“बसचा ड्रायव्हर.”

आजोबा हसले. ग्रॅडीही हसला. सहा फूट सातचा पोरगा, गुडघे टेबलाखाली मावत नव्हते, म्हणून तिरका बसून जेवत होता. अंगात कॉलेजचा हिरवा शर्ट. बुधवारी शाळेच्या ग्रंथालयात कॉलेजच्या करारावर सही करायची होती, तेव्हा घालायचा म्हणून त्याच्या आईने, नॅडीनने, तो कालच इस्त्री केला होता. आज घालू नको म्हणाली होती.

हॅलकचं ताट रिकामं झालं. काही कळायच्या आत त्याच्या हाताने ते पुढे केलं.

नॅडीनचा चेहरा सैल झाला. दुसऱ्यांदा घेतायत. तिने जरा जास्तच वाढलं.

त्याने तेही संपवलं, काटा आडवा ठेवला आणि सांगितलं.

जागा राहिली नव्हती. ग्रॅडीची शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली होती.

आजोबांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “काय म्हणतोय?” त्यांनी ग्रॅडीला विचारलं.

“जागा दुसऱ्याला दिली, आजोबा.”

“कोणाला?”

“आहे एक,” हॅलक म्हणाला. “तेवीस वर्षांचा. हे त्याचं चौथं कॉलेज.”

“त्या वयात मला दोन पोरं होती,” आजोबा म्हणाले.

“गेल्या वर्षीच्या संघातल्या डेव्हनला मी तीन वर्षं शिकवलं,” हॅलक टेबलाकडे बघत म्हणाला. “आला तेव्हा डाव्या हाताने चेंडू धरता येत नव्हता त्याला. सोमवारी त्याने कॉलेज बदलायच्या पोर्टलवर नाव टाकलं, मंगळवारी मोठ्या कॉलेजने नेला. माझ्या आठ वर्षांच्या पगाराइतके देतायत त्याला. त्याच्यामागून आणखी सहा गेले. मोठ्या कोचला आता तयार माणसं हवीत. पोरं शिकवून पुढच्याच्या हातात द्यायची, हे परवडत नाही म्हणतो.”

“मी अजून दोन इंच वाढेन,” ग्रॅडी म्हणाला. “डॉक्टर म्हणालेत.”

“माहीत आहे मला.”

“नोव्हेंबरातच सही करणार होतो. तुम्ही म्हणालात, वसंतात करू, घाई काय आहे.”

“म्हणालो.”

“मला घ्यायला तयार असलेल्या दोन कॉलेजांना मी स्वतः फोन करून नकार कळवला. तुम्हीच म्हणालात, माणसाने असलं आपल्या तोंडाने सांगावं.” त्याचा आवाज चढला नव्हता. तो नुसता आठवत होता. “त्यांच्या जागा भरल्या आता.”

“म्हणून तर मी आलो, ग्रॅडी. जागा गेलेल्या बाकीच्या पोरांना नुसते मेसेज गेलेत.”

नॅडीन उठली. ताटं गोळा करता करता तिने विचारलं, “कधी ठरलं हे?”

“गुरुवारी.”

“आज रविवार.”

“हो.”

“म्हणजे दारात आलात तेव्हा माहीत होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलंत.”

हॅलकने खुर्ची मागे सरकवली. तो उठला. ग्रॅडीही उठला आणि त्याचा कोट घेऊन आला. पाहुण्याचा कोट आणून द्यायचा, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

“तू चांगला खेळतोस,” हॅलक म्हणाला.

“थँक यू, सर.”

हॅलकने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. तेवढ्यात नॅडीन स्वयंपाकघरातून भांडं घेऊन आली. अजून कोमट होतं.

“हे राहू द्या, नॅडीन,” हॅलक म्हणाला.

“मोठ्या कोचच्या नावाने केलंय. माझ्या घरात कोण खाणार ते?”

तिने भांडं एका हातावर तोललं, दुसरा हात खाली घातला आणि नखाने पट्टी सोलून काढली. अर्धी निघाली, फाटली. उरलेली तिने पुन्हा नख घालून काढली. मग भांडं त्याच्या दोन्ही हातांत दिलं.

“परत आणायची गरज नाही,” ती म्हणाली.

ग्रॅडीने दार उघडून धरलं. हॅलकचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून हस्तांदोलन राहूनच गेलं. गाडीपर्यंत तो जपून चालला. भांड्याच्या बुडाला, जिथे नाव होतं तिथे, त्याच्या बोटांना चिकट लागत होतं.