खडू आणि डिझेल

गाडी उलटी पडली होती, म्हणून ओलुओचला तिच्याखाली शिरावं लागलं नाही. चारही चाकं आभाळाकडे होती. एरवी पाठीवर सरपटल्याशिवाय जे दिसत नाही, ते सगळं उन्हात उघडं पडलं होतं.

वर रस्त्याच्या कडेला त्याचा मेव्हणा वासोंगा उभा होता. शेजारी काठी टेकून घरातले वडीलधारे न्यागुडीकाका. ग्वासीच्या डोंगरातून सरोवराकडे उतरणाऱ्या या वळणावरून काल सकाळी ओलुओचची बायको आपोंडी गाडीसकट खाली गेली होती. आता ती दवाखान्याच्या शवागारात होती.

"दाजी, नीट बघा!" वासोंगा ओरडला. "नाहीतर म्हणाल, माझी गाडी ठणठणीत होती, बाईलाच चालवता येत नव्हती."

"येत होती तिला," ओलुओच म्हणाला.

"मग गाडी मोडली. आणि ती उंच कुणी केली? तुम्हीच ना, मोठे कारागीर!"

काकांनी काठी आपटली. "वासोंगा, आवाज खाली. ओलुओच, ऐक. मला घरी जाऊन लोकांना एकच गोष्ट सांगायची आहे. गाडीने दगा दिला असेल, तर पोरीला कुंपणाच्या आत, तिच्या घराच्या डाव्या हाताला पुरू. गाडी धड असेल, तर..." ते थांबले. "तर स्टिअरिंग तिनेच दरीकडे फिरवलं. मग कुंपणाबाहेर. तिच्यासाठी रडायचं नाही, तिचं नाव कुणा मुलीला ठेवायचं नाही. हे काही मी ठरवलेलं नाही."

"काहीतरीच काय काका!" वासोंगा म्हणाला. "रोजच्यासारखी मासे आणायला निघाली होती ती."

सकाळी हत्यारांची पेटी घेताना ओलुओचला अंगणात तिच्या मासळीच्या टोपल्या तशाच पडलेल्या दिसल्या होत्या. शेळ्या कुरतडतात म्हणून त्याने त्या शेडमध्ये सरकवल्या होत्या.

तो पुढच्या अ‍ॅक्सलपाशी गेला. अ‍ॅक्सल जागेवर धरायला एक आडवी दांडी असते. गाडी उंच केली की ती तिरपी होते आणि सगळा जोर तिच्या ब्रॅकेटवर येतो. ब्रॅकेट पुरतं तुटायलाच हवं असं नाही. त्याला चीर गेली तरी दांडी ढिली पडते, आणि मग वळणावर स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी आपल्याच मनाने जाते.

पावसात काळ्या चिखलातून निघावी म्हणून ओलुओचने गाडी वीतभर उंच केली होती. ब्रॅकेट त्यानेच वेल्ड केलं होतं. आपोंडीने बॅटरीचा उजेड धरला होता.

"हे तुटलं तर लोक तुलाच शिव्या घालतील हं," ती म्हणाली होती.

"घालू देत. तुटणार नाही."

ती हसली होती. तेव्हा त्यांचा मुलगा जिवंत होता.

ब्रॅकेट वाकलं होतं आणि चिखलाने माखलं होतं. ओलुओचने ते डिझेलने धुतलं, कोरडं पुसलं, आणि वेल्डवर खडू घासला. चीर असली की तिच्यात शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. तो उकिडवा बसून बघत राहिला.

"काय दिसतंय?" वासोंगाने विचारलं.

बऱ्याच वेळाने ओलुओच उठला. फडक्याने खडू पुसून टाकला, फडकं खिशात कोंबलं आणि पेटीतून छिन्नी आणि घण काढला.

पहिला घाव दरीत घुमला.

"काय ठोकताय?"

"चाक अडकलंय. काढल्याशिवाय दिसत नाही!"

"बघितलंत काका?" वासोंगा म्हणाला. "पुरावा मिटवतोय हा माणूस. आपलं पाप झाकायला माझ्या बहिणीला कुंपणाबाहेर टाकेल."

तो खाली उतरायला लागला, तशी काकांनी काठी आडवी धरली. "थांब. त्याची बायको गेली आहे."

"माझी बहीण गेली आहे!"

घाव बराच वेळ चालले. मग थांबले. ओलुओचने दोघांना खाली बोलावलं. ब्रॅकेट अ‍ॅक्सलपासून फाटून लोंबत होतं.

"माझं वेल्ड," तो म्हणाला. "धरलंच नव्हतं."

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

वासोंगाने त्याच्या थोबाडीत मारली. ओलुओचने हात वर केला नाही.

"लपवायलाच निघाला होतास ना? मग बोललास कशाला?"

"नाही जमलं."

काकांनी मोठा श्वास सोडला. "खरं बोलला, तेवढं पुरे. पोर आत येईल."

दुपारपर्यंत गावभर झालं. शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या तीन जीप मालकांनी ढकलत नेल्या. एकजण तर जाता जाता त्याच्या पायापाशी थुंकला. वासोंगाने दारावरची पाटी उपटून चुलीत घातली. "पुन्हा कुणाच्या गाडीला हात लावलास तर हात तोडीन," तो म्हणाला. ओलुओचला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आपोंडीच्या घराच्या डाव्या हाताला खड्डा खणायला सुरुवात झाली. बायका मोकळ्या गळ्याने रडत होत्या. वासोंगाच्या बायकोला सातवा महिना होता. मुलगी झाली तर आपोंडीच नाव ठेवू, असं ती रडत रडत सगळ्यांना सांगत होती.

ओलुओच रिकाम्या शेडमध्ये मासळीच्या टोपल्यांशेजारी बसून ऐकत होता. त्याने खिशातलं फडकं काढून झटकलं. पांढरी पूड उडाली. सकाळी इतका वेळ बघत बसूनही त्या खडूवर एकसुद्धा रेघ उमटली नव्हती.