चोखलेल्या गोळ्या

औषधाची चाचणी सुरू होती. निम्म्या रोग्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसत्या साखरेची खोटी. महिनाअखेर उरलेल्या गोळ्या बाटलीसकट परत मागवायच्या आणि मोजायच्या, हे फार्मासिस्टबाईंकडे होतं.

या खेपेला खोट्या गोळ्या तेवढ्या ओल्या निघाल्या. कुणीतरी चोखून परत टाकल्यासारख्या, बुळबुळीत आणि कोमट. बाईंना शिसारी आली. त्यांनी हातमोजे बदलले.

"लोकांना काही घाणबिण वाटते की नाही?"

चाचणीच्या समितीवरचे तत्त्वज्ञानाचे मास्तर खिडकीशी चहा पीत बसले होते. "ज्या गोळीत काहीच नाही, तिनंही माणूस बरा होतो," ते म्हणाले. "मग ते बरं करणारं तिच्यात येतं कुठून?"

"मास्तर, तुमचं डोकं भलतीकडेच चालतं."

तरी मनाची खात्री करावी म्हणून बाईंनी कपाटातून खोट्या गोळ्यांची एक कोरी बाटली काढली. ती अजून कुणाला दिलेलीच नव्हती. सील त्यांनी स्वतः तोडलं.

झाकण निघताच शिळ्या तोंडाचा भपकारा आला. आतल्या साठच्या साठ गोळ्या लाळेत लडबडलेल्या होत्या. वरच्या गोळीवर दाताची खूण होती.

मळमळलं की एरवी बाईंच्या तोंडात पाणी जमायचं. आत्ता मात्र मास्तरांना हाक मारायला गेल्या, तर जीभ कोरडी ठक्क होऊन टाळूला चिकटली होती.

हातातल्या बाटलीत लाळ हळूहळू काठाशी चढत होती.